एक लेकरू धर : बालरोगाच्या पोस्टिंगबद्दल एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. बालरोग वॉर्डात चार आठवडे शिकायची पाळी, म्हणजे पोस्टिंग, चालू आहे, त्यातला एक आठवडा गेला. एका खाटेभोवती अठरा जण उभे राहतात, मागच्यांना धड दिसत नाही की ऐकू येत नाही. पुढे जायला मिळालंच तर हात लावल्याबरोबर मूल भोकाड पसरतं. क्लिनिक (खाटेजवळची शिकवणी) संपलं की सर ओपीडीत जातात आणि रेसिडेंट (वॉर्डातले निवासी डॉक्टर) डिस्चार्ज कार्डं लिहीत बसतात. लॉगबुकावर सही मिळते, डोक्यात काही उरत नाही. 'त्यापेक्षा हॉस्टेलवर बसून व्हिडिओ पाहिले आणि नीट-पीजी या पुढच्या प्रवेशपरीक्षेचे एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) सोडवले तर काय चुकलं?' आणि जाता जाता शेवटी : लहान मुलांसाठी वेगळा स्टेथोस्कोप घ्यावा का?

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आठ वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यानंतरची चौदा वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काढली. तुला 'तू'च म्हणतो, राग मानू नकोस. वॉर्डात सगळ्या पोरापोरींना तसंच म्हणायची सवय लागली आहे.

तुझी तक्रार खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. अठरा जणांत एक लेकरू म्हणजे शिकवणं नव्हे, हजेरी आहे. 2024 मध्ये एकट्या विदर्भात अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम आणि भंडारा अशी पाच नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. डॉक्टर वाढतील ही चांगलीच गोष्ट. पण शिकवणारा माणूस इमारतीसारखा दोन-तीन वर्षांत उभा राहत नाही. त्यामुळे गर्दी काही तुझी पोस्टिंग संपायच्या आत कमी होणार नाही.

पण माझ्या मते तुझी खरी अडचण गर्दी नाही. तू वॉर्डात येतेस ती वेळ चुकीची आहे, आणि तिथे जे शोधतेस तेही चुकीचं आहे.

वेळेचं आधी सांगतो. सकाळी दहा ते बारा हा बालरोग वॉर्डातला सगळ्यात निरुपयोगी वेळ. राउंड होऊन गेलेला असतो, इंजेक्शनं टोचून झालेली असतात, मुलं रडून थकून झोपलेली असतात आणि आया खालून चहा आणायला गेलेल्या असतात. आपल्याकडे लेकरू दवाखान्यात केव्हा येतं? आई-बाप वावरातून परतले, दिवेलागणीला लेकराच्या अंगाला हात लावला, आजीनं सांगितलं की हे दुपारपासून दूध पेऊन नाही राह्यलं, की मग धावपळ सुरू होते. आधी गावातला डॉक्टर, मग ग्रामीण रुग्णालय, मग 108 ची गाडी. तुमच्या कॉलेजात ते पोचतं रात्री आठ-नऊला. म्हणजे खरं आजारी मूल दाखल होतं तेव्हा तू मेसमध्ये असतेस. दुसऱ्या दिवशी दहाला तुला दिसतं ते सलाइन लागलेलं, निम्मं सुधारलेलं मूल, आणि वर सर विचारतात, 'डिहायड्रेशनची, अंगातलं पाणी कमी झाल्याची, लक्षणं दाखव.' ती आता दिसणार कुठून?

आणि तू शोधतेस 'केस'. हृदयातलं छिद्र, नेफ्रोटिक (मूत्रपिंडाचा आजार), मोठं यकृत, असं परीक्षेत येण्यासारखं काहीतरी. मग वॉर्डात हगवणीची बारा मुलं असली तरी पोरं म्हणतात, 'आज काही केस नाही.' हे मी कानांनी ऐकलंय.

म्हणून माझा सल्ला एकच. एक लेकरू धर. दाखल झालं त्या रात्री धर आणि घरी जाईपर्यंत सोडू नकोस. रोज दोनदा त्याच्याकडे जा, सकाळी क्लिनिकच्या आधी आणि दुपारी तीननंतर, वॉर्ड शांत झाल्यावर. राहिलेल्या तीन आठवड्यांत अशी चार मुलं झाली तरी पुष्कळ झाली.

म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका उदाहरणानं सांगतो. समज, जुलै महिना आहे आणि नऊ महिन्यांचं, सात किलोचं लेकरू हगवण-उलट्यांनी आलं. डोळे खोल गेलेत, चिडचिडं आहे, पाण्याची वाटी ओठाला लावली की हपापल्यासारखं पितं. पोटावर बेंबी आणि कूस यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली जाते. पुस्तकात याला 'काही प्रमाणात डिहायड्रेशन' म्हणतात आणि उपचार एका ओळीत असतो : किलोला 75 मिली ओआरएस, चार तासांत. सात किलोला 525 मिली. तुला हे पाठ असेलच.

आता चार तास त्या आईजवळ बस. खरोखर बस, स्टूल घेऊन. 525 मिली म्हणजे दर दहा मिनिटांनी साधारण चार-पाच चमचे, हे तुला तिथे कळेल. आईनं घाईनं वाटीच तोंडाला लावली की मूल ओकतं, मग दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं सुरू करावं लागतं, हे कळेल. घरी ओआरएस दिलं होतं का, विचार. 'हो जी, देलं ना' असं उत्तर येईल. मग विचार, कसं केलं ते दाखवा. एक लिटरसाठीचा अख्खा पुडा तिनं एका ग्लासात ओतला होता, किंवा 'थोडं थोडं' म्हणून पुडा चार दिवस पुरवला होता, हे असं दाखवायला लावल्याशिवाय बाहेर येत नाही. पहिला प्रकार तर घातक, कारण त्यात मिठाचं प्रमाण लेकराला सोसणार नाही इतकं वाढतं. तिसऱ्या तासाला मूल तुझ्या चमच्याकडे हात मारायला लागेल. चौथ्या तासाला आईच्या लुगड्यावर मुतेल आणि आई ओशाळून हसेल. त्या ओल्या पदराइतकी चांगली खूण कुठल्याही मॉनिटरवर दिसत नाही. मग पुन्हा चिमटा घेऊन बघ, कातडी झटकन जागेवर जाते. आदल्या चार तासांत काय बदललं ते तुझ्या बोटांना ठाऊक झालेलं असतं. हाच चिमटा हडकलेल्या, कुपोषित लेकराच्या पोटावर फसवतो, कारण त्याची कातडी तशीही सैलच असते. दोन्ही मुलं बोटांखालून गेल्याशिवाय हा फरक समजत नाही.

घरी जाताना झिंक लिहिलं जातं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी गोळी बंद होते, हे मी गृहीतच धरतो. जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरे करायचे, हे आईला समजावून सांगायचं काम तू घे. रेसिडेंटला तेवढा वेळ नसतो, तुला आहे.

श्वास मोजण्याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण तिथे मी स्वतः आपटलो आहे. विद्यार्थी असताना एका पाच महिन्यांच्या खोकला-तापाच्या मुलाचा श्वास मी पंधरा सेकंद मोजला. बारा भरला, चारनं गुणून 48 लिहिला. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा जास्त असेल तर जलद धरायचा, त्यामुळे मी निश्चिंत. रजिस्ट्रार मॅडमनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, मुलाला हात न लावता, पूर्ण एक मिनिट मोजला. 58. तान्ही मुलं एका लयीत श्वास घेत नाहीत. दहा सेकंद भरभर घेतात, मग थबकतात. ते थबकणं नेमकं माझ्या पंधरा सेकंदांत आलं होतं. त्या रात्री त्या मुलाला ऑक्सिजन लागला. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला वॉर्डातल्या सगळ्या मुलांचे श्वास मोजून आणायला लावले, बावीस मुलं. तेव्हापासून दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 हे आकडे मला आठवावे लागत नाहीत.

आता तुझा रडण्याचा प्रश्न. आठ महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचं मूल अनोळखी माणसाला घाबरतं. तो त्याचा गुण आहे, तुझा दोष नाही. तू उभी असतेस, पांढरा एप्रन घालून, आणि पांढऱ्या एप्रनचा त्याचा अनुभव म्हणजे सुई. तेव्हा आधी आईशी बोल. स्टुलावर बस, तुझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या खाली येऊ देत. मूल आईच्या मांडीवरच राहू दे, खाटेवर आडवं करू नकोस. लांबून जे दिसतं ते आधी बघून घे : श्वास, बरगड्या आत ओढल्या जातात का, रंग, खेळतंय की मलूल आहे. मग हाताला हात, मग पोट, मग स्टेथोस्कोप (आधी तळहातावर चोळून गरम कर), आणि कान-घसा सगळ्यात शेवटी. मोठ्यांसारखं डोक्यापासून पायापर्यंत क्रमानं जायचं इथे चालत नाही. छाती ऐकायला मिळाली की ऐकून घ्यायची.

आणि रडलंच तर रडू दे. दोन हुंदक्यांच्या मधे मूल असा काही खोल श्वास घेतं की फुफ्फुसं ऐकायला त्याहून चांगली संधी नाही. तोंड उघडं असतं, घसा फुकटात दिसतो. माझ्या पोटात गोळा येतो तो सुई टोचली तरी न रडणाऱ्या मुलाला पाहून. पहिल्याच आठवड्यात हे शिकून घे : वॉर्डात सगळ्यात आधी गप्प मुलाकडे जायचं.

यातच एक कडू गोष्ट सांगून टाकतो. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, एक नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे वारंवार दाखल व्हायचा. प्लीहा चांगली चार बोटं मोठी, त्यामुळे प्रत्येक बॅचला तोच दाखवला जायचा. काही दिवसांनी एप्रन दिसला की तो स्वतःच सदरा वर करून आडवा पडायला लागला. कुणीच त्याला विचारलेलं नव्हतं. अठरा जणांनी एका दुखऱ्या पोटात बोटं खुपसणं याला मी शिक्षण म्हणत नाही. मूल तापानं फणफणलेलं असेल, धाप लागलेली असेल, नुकतंच झोपलं असेल, तर परत फिर. इतर वेळी आईला आणि मुलालाही विचार, त्याला समजेल अशा भाषेत.

पण त्या मुलाकडून शिकण्यासारखं बरंच होतं. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की सिकलसेलमध्ये प्लीहा पाच-सहा वर्षांच्या आत आक्रसून नाहीशी होते. आपल्याकडच्या मुलांमध्ये हा आजार वेगळ्या वळणाचा आहे, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन त्यांच्यात जास्त टिकून राहतं, आणि मोठ्या वयातही प्लीहा हाताला लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचा मेळघाट, या सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे. 2023 च्या जुलैत केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिची मुदत 2047 ची. म्हणजे तुझी जवळजवळ सगळी प्रॅक्टिस त्या काळातच होणार. हातापायांची बोटं सुजलेलं वर्षभराचं लेकरू रडत आलं तर ती सिकलसेलची खूण असू शकते; 'मुका मार' लिहून परत पाठवू नकोस, एवढं जरी या पोस्टिंगमधून घेतलंस तरी मिळवलं.

आता आजाराचा इतिहास विचारून घेण्याबद्दल. तुम्ही मुलं फॉर्म भरल्यासारखं विचारता : ताप किती दिवस, खोकला किती दिवस. आई मात्र तिच्या शब्दांत बोलते. 'लेकराचं पोट उडून राह्यलं' म्हणजे तुझं चेस्ट इनड्रॉइंग, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं. 'मान टाकली' म्हणाली तर वही खाली ठेव आणि रेसिडेंटला हाक मार. आहाराबद्दल 'काय खातो?' विचारलंस तर 'सगळंच खाते' असं उत्तर मिळेल. त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून वाटी-वाटीनं विचार. सकाळी चहा-टोस, दुपारी वरणाचं पाणी, रात्री पुन्हा चहा-टोस असं निघालं की दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषणात, का आला ते आपोआप कळतं. वरचं दूध चालू असेल तर त्यात पाणी किती, हेही विचारून घे. कोरकू किंवा माडिया बोलणारी आई असेल तर वॉर्डातल्या मावशींना सोबत घे. त्या एका वाक्यात जे काढून घेतात, ते तुला अर्ध्या तासात जमणार नाही.

मेळघाटाकडून आलेल्या बाळाच्या पोटावर कधी विळ्याच्या चटक्यांचे डाग दिसतील. पोट फुगलं म्हणून दिलेले असतात. तिथे तोंडावर राग दाखवलास तर त्या आईकडून पुढचं एक अक्षरही खरं मिळणार नाही, आणि पुढच्या वेळी ती येणारही नाही. मी तरुणपणी दाखवला होता. ती रात्रीच लेकराला घेऊन निघून गेली.

कपडे काढून बघायला मात्र लाजू नकोस. पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबर, आठवडाभराचा ताप घेऊन येणाऱ्या मुलांत स्क्रब टायफस (किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असतो, आणि त्याची खूण म्हणजे किडा चावलेल्या जागी काळी खपली. ती काखेत असते, जांघेत असते, कानामागे असते. एकदा तीन डॉक्टरांच्या हाताखालून गेलेल्या मुलीची खपली मला कमरेच्या करदोड्याखाली सापडली. करदोडा बाजूला सरकवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या महिन्यात मी प्रत्येक करदोडा सरकवत होतो, नर्स हसायच्या.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. तुमच्या विभागप्रमुखांची परवानगी लागेल. बहुतेक जण देतात, कारण मागायलाच कुणी येत नाही. रात्री एकटी थांबू नकोस. मैत्रीण सोबत घे, वॉर्डातल्या सिस्टरना सांगून ठेव, हॉस्टेलवर लिहून ये. ते जमण्यासारखं नसेल तर संध्याकाळी सहा ते नऊ, तेवढंही चालेल. आणि महिना कुठला त्यावर मुलं ठरतात. थंडीत पोस्टिंग आली तर घरघरणारी सहा महिन्यांची बाळं भेटतील. मे महिन्यात आली तर चार-पाच दिवसांचं, तापलेलं, सुस्त बाळ भेटेल, आणि 45 अंशांच्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी असेल. त्या बाळाचं वजन कर. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर जंतुसंसर्गाबरोबरच दूध पुरतंय का, बाळ छातीला नीट लागतंय का, हेही बघायला शीक. निम्म्या वेळा उत्तर आईच्या पदराआड असतं.

वॉर्डाबाहेरचेही दोन दिवस काढ. एक दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात, एक दिवस आशाताईंसोबत नवजात बाळांच्या घरभेटीला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आजारी बाळ ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवलं. ते काम 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे आशांच्या घरभेटींना त्याचाच आधार मिळाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तेच बाळ, सहा वेळा. मी तुला एक लेकरू धर म्हणतो ते याच कारणानं. त्या बाईला न्यूमोनियाची व्याख्या विचारलीस तर सांगता येणार नाही, पण बाळ कालच्यापेक्षा आज बिघडलंय हे तिला उंबऱ्यातून कळतं.

व्हिडिओ आणि एमसीक्यू सोडू नकोस, परीक्षा द्यायचीच आहे. फक्त क्रम उलटा कर. दुपारी जे मूल पाहिलंस त्याच्याबद्दल रात्री वाच. झटके येणारं मूल तुझ्यासमोर येईलच असं नाही, ते व्हिडिओत बघ. विकासाचे टप्पे मात्र वॉर्डातच बघ, त्याला फक्त मुरमुरे लागतात. नऊ-दहा महिन्यांच्या मुलापुढे तळहातावर एक मुरमुरा धर. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलतं की पंजानं ओढतं, बघ. शेंगदाणा धरू नकोस, श्वासनलिकेत अडकला तर जिवावर बेततं.

औषधांच्या डोसाचं एकच सांगतो, बाकी पुस्तकात आहे. पॅरासिटामॉलचे थेंब एका मिलीत 100 मिलिग्रॅमचे असतात आणि सिरप पाच मिलीत 125 चं. पाच मिली म्हणून आईनं थेंबांची बाटली मोजली तर चौपट औषध पोटात जातं. दाखल झालेल्या मुलाच्या आईला घरची बाटली पिशवीतून काढून दाखवायला सांग. लेबल स्वतः वाच.

राहिला स्टेथोस्कोप. वेगळा घेऊ नकोस. दोन बाजूंचा साधा स्टेथोस्कोप पुरतो, तान्ह्या बाळाला त्याची लहान बाजू लाव. वाचलेल्या पैशांत सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ घे. श्वास मोजायला मोबाईल काढलास की मूल तुला सोडून मोबाईलकडे बघायला लागतं, आणि आईला वाटतं तू फोटो काढतेस.